‘मुद्दाम’ हा शब्द आधी खोडा

प्रश्न गोव्यातल्या मांद्रेच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: “गेल्या मे महिन्यात दीड टनाचा एसी घेतला. फेब्रुवारीत थंड व्हायचा बंद झाला. तीनदा माणूस आला, तीनदा गॅस भरून गेला. चौथ्यांदा फोन केला तर म्हणतात, खाऱ्या हवेनं कॉइल गंजली, गंज वॉरंटीत बसत नाही. मी वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटात लिहिलं की हा दुकानदार माहीत असून मुद्दाम खराब माल खपवतो, चोर आहे. त्यानं तिथंच उत्तर दिलं की मला दुसऱ्या दुकानदारानं पढवून पाठवलंय. एक शेजारी मध्ये बोलले, त्यांचा त्याच दुकानातला एसी चार वर्षं नीट चालतोय. मी त्यांना विचारलं, कमिशन किती मिळतं? आता दुकानदार अब्रुनुकसानीची केस करीन म्हणतो, शेजारी बोलत नाहीत आणि एसी बंद तो बंदच. नम्रपणे बोललं तर कुणी दाद देत नाही. समोरच्याची नियतच खोटी असेल तर ते बोलायचंच नाही का?”

उत्तर:

ताई, आधी त्या शेजाऱ्यांना फोन करा. मेसेज नको, फोन. ‘कमिशनचं बोलले ते चुकलं माझं’ एवढंच म्हणा आणि पुढं ‘पण तुम्हीसुद्धा’ जोडू नका. दुकानदार, कंपनी, ग्राहक आयोग, सगळं त्यानंतर. हे मी संस्कार शिकवायला सांगत नाही. तुमच्या एसीचं निदान करायला जी माहिती लागणार आहे, तिच्यातली बरीचशी त्या माणसाकडे आहे, आणि ते दार तुम्ही स्वतःच्या हातानं लावून घेतलंत.

तुमच्याच वाड्यावर, म्हणजे समुद्रापासून साधारण तितक्याच अंतरावर, त्याच दुकानातला एसी चार वर्षं चालतो. कसा? त्यांचं आउटडोअर युनिट कुठल्या भिंतीला आहे, वाऱ्याच्या तोंडावर की घराच्या आडोशाला? ते त्यावर गोडं पाणी मारतात का? त्यांच्या फिन, म्हणजे कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या, साध्या आहेत की निळ्या कोटिंगच्या? बसवायला कोण आलं होतं? मी तुमच्या घरी आलो असतो तर पहिल्या पंधरा मिनिटांत हेच विचारलं असतं आणि लगेच शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन बघितलं असतं.

मी कोण ते सांगतो, म्हणजे कुठल्या बाजूनं बोलतोय ते कळेल. 26 वर्षं फ्रीज, एसी, वॉशिंग मशीनच्या सर्व्हिसमध्ये काढली. सुरुवातीला हातात पाना होता, पुढं फोंड्याच्या ऑफिसात टेबल मिळालं. निवृत्त झाल्यापासून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, लोकांना तक्रारी लिहून देतो. तेव्हा ‘सगळे कंपनीवाले चोर’ आणि ‘सगळी गिऱ्हाइकं खोटारडी’ ही दोन्ही वाक्यं मी आयुष्यात भरपूर ऐकली आहेत. दुसरं तर स्वतःही बोललोय. एकदा लेखी.

गणेशचवथीच्या आधीचे तीन-चार दिवस सर्व्हिस ऑफिसातला फोन खाली ठेवता येत नाही. घरात पाहुणे भरलेले, खोबरं किसून ठेवलेलं, दूध आणलेलं आणि फ्रीज गरम. अशाच एका दिवशी मडकईच्या एका निवृत्त मास्तरांची तक्रार आली. आमच्या ऑफिसातल्या मुलानं फ्रीजची मागची बाजू उघडली तर कॉम्प्रेसरच्या नळीला ओबडधोबड डाग दिलेला. कारखान्यातला जोड तसा नसतो, बघताक्षणी कळतं. आमच्या रजिस्टरात त्या फ्रीजवर आधी कुणी गेल्याची नोंद नव्हती. मी फोनवर विचारलं, बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेतलात का? मास्तर म्हणाले, “ना रे बाबा, तुमचेच आयल्ले.” मी रजिस्टर बघितलं, नोंद नाही. झालं. जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलं, ‘ग्राहकाने बाहेरून काम करून घेतले आहे व माहिती लपवत आहे. वॉरंटी रद्द.’ खाली माझी सही.

मास्तरांनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी बस पकडून ऑफिसात आले, पिशवीतून एक जुनी डायरी काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. जूनमधलं पान होतं. दुपारी पावणेचारला दोघं आले. एकाच्या उजव्या हाताला पट्टी. नळी कापून गॅस भरला. 1800 रुपये घेतले, पावती मागितली तर नंतर देतो म्हणाले. एवढंच, चार ओळी.

हाताला पट्टी. जूनमध्ये हात भाजून घेतलेला माणूस आमच्याकडे एकच होता, कंत्राटावरचा, आणि मी ते पान वाचत होतो तेव्हा तो मागं चहा पीत उभा होता. वॉरंटीतल्या फ्रीजचं काम कंपनीच्या नावावर करायचं, पैसे खिशात घालायचे आणि नोंदच करायची नाही, असा त्याचा धंदा होता. पुढं अजून चार घरं निघाली.

म्हणजे त्या प्रकरणात खोटी नियत होती की नव्हती? होती. पण मी ती मास्तरांच्या माथी मारली होती. मास्तरांनी ‘कंपनीनं लुटलं’ असं लिहून पाठवलं असतं तर मी तो कागद बाजूला ठेवला असता, कारण कंपनीनं लुटलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ते खरंच होतं. त्यांनी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं, आणि त्यातून चोर आपसूक बाहेर आला. नंतर मी कितीही दिलगिरी व्यक्त केली तरी फ्रीजचा विषय ते काढेनात. म्हणाले, “पयलीं तें वाक्य खोड आनी सही कर.” ‘माहिती लपवत आहे’ या वाक्याबद्दल बोलत होते ते. मी खोडलं, सही केली. मग फ्रीजचं बोललो.

तेव्हापासून मी तक्रार लिहून देताना आधी हेतूचे शब्द शोधतो. मुद्दाम, जाणूनबुजून, माहीत असूनही, फसवण्यासाठी, पढवून, सेटिंग. एकेक खोडायचा आणि वाक्य तरीही उभं राहतं का ते बघायचं. (‘नियत’ शब्द मी शक्यतो टाळतोच. ‘नियतीवर संशय’ असं लिहिलं की दैवाला दोष दिल्यासारखं वाटतं.) उभं राहिलं तर शब्दाची गरज नव्हती. कोसळलं तर त्या वाक्यात त्या शब्दाशिवाय काही नव्हतंच.

आता कायद्याचं, कारण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथं आहे आणि तो तुम्ही वापरतच नाही आहात. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात वस्तूतला ‘दोष’ आणि सेवेतली ‘त्रुटी’ यांच्या व्याख्या दिल्या आहेत. उणीव, कमतरता, अपुरेपणा असे त्यातले शब्द. समोरच्यानं ते वाईट हेतूनं केलं हे सिद्ध करायची अट त्या मुख्य व्याख्येत नाही. हलगर्जीपणा पुरतो. ‘महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं’ हाही त्रुटीचाच एक प्रकार म्हणून दिलाय खरा, पण त्या वाटेनं गेलात की ‘जाणूनबुजून’ सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर. मोकळा रस्ता सोडून घाट कशाला चढायचा? तुम्हाला कॉइल हवी आहे. दुकानदाराच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला.

उलट ‘चोर’ लिहिलंत की तुम्ही दुसऱ्या कायद्याच्या अंगणात जाता. 1 जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. घाबरू नका, ‘केस करीन’ म्हणणाऱ्या शंभरातला एखादाच वकिलाकडे जातो. आणि आपल्या हितासाठी सद्भावनेनं केलेल्या विधानाला त्याच कलमात अपवादही आहे. पण सद्भावना म्हणजे काय, इथं गंमत आहे. 1897 चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस ॲक्ट, कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा) म्हणतो, काम प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावनेनं केलेलं, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. फौजदारी कायदा मात्र म्हणतो, पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेल्या गोष्टीला सद्भावना म्हणायचंच नाही. म्हणजे ‘मला मनापासून तसं वाटलं’ एवढ्यावर सुटका नाही. लिहिण्याआधी तपासलं होतं का, हे विचारलं जाणार. आणि तुम्ही तपासलं नव्हतं.

कारण तपासलं असतं तर एसीत खरी भानगड कुठं आहे ते दिसलं असतं. तीनदा गॅस भरला! एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतणं. पहिल्याच फेरीला नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठं येतो ते बघायला हवं होतं. आणि नऊ महिन्यांत कॉइलला भोक पडावं इतका गंज मांद्रेला अशक्य नाही, पण माझी पहिली शंका फ्लेअर जोडावर जाईल. एसी बसवताना तांब्याच्या नळीचं तोंड पसरून पितळी नटानं आवळतात, तो जोड. तिथं तोंड तिरकं पसरलं किंवा नट कमी-जास्त आवळला गेला की हळूहळू गॅस जातो. तसं असेल तर कॉइल धड आहे, माल धड आहे, दुकानदार चोर नाही आणि समुद्रही निर्दोष. दोष बसवणाऱ्याच्या हाताचा. आणि खरोखरच कॉइल गेली असेल तर ते नुसतं बघूनही कळतं. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्या, वरून खारी ओल, यात ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसते, पात्या बोट लावताच तुटतात. आज उजेडात मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा.

आता दुकानदारानं केलं ते. ‘पढवून पाठवलंय’ हे तुमच्या ‘चोर’पेक्षा मला जास्त लागलं, कारण तो धंद्यातला माणूस आहे, त्याला कळायला हवं होतं. खोटी गिऱ्हाइकं असतात हे खरं. विकणाऱ्यांनी ग्राहक बनून खोटे अभिप्राय लिहू नयेत असं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत वेगळं लिहावं लागलं, आणि 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानकही काढावं लागलं, आयएस 19000. पण त्याच्या दुकानाचं बिल हातात असलेल्या बाईला तो हे म्हणतो? त्याच्या वहीत तुमचं नाव आहे, तीन जॉबशीट आहेत. गटातल्या बाकी लोकांना त्यानं एवढंच कळवलं की तक्रार केली तर आपल्यालाही हेच ऐकायला मिळेल.

त्या उत्तराचा सख्खा भाऊ म्हणजे कंपनीचा गोड मेसेज. ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपले समाधान हेच आमचे ध्येय.’ मी असे शेकडो पाठवलेत, ऑफिसातनं तयार यायचे. एकदा एका माणसाला चौथ्यांदा तोच गेला. त्याचं उलट उत्तर आलं, ‘दिलगीर आहात तर मेकॅनिक का नाही पाठवत?’ शब्द सगळे सभ्य होते, पण समोरच्याचं कुणी वाचलंच नव्हतं. तुम्ही म्हणता नम्रपणे बोललं तर दाद मिळत नाही, त्यात हा अनुभव असणार, आणि तो मी नाकारत नाही. फक्त नम्र म्हणजे गुळगुळीत असं धरून चालू नका. मास्तरांच्या डायरीत गोड शब्द एकही नव्हता.

एक आपल्याकडची अडचण जाता जाता. आपण बोलतो कोंकणी-मराठी मिसळून. कोंकणीतला ‘तूं’ मोठ्या माणसालाही सहज लागतो, मराठीत तसा लागत नाही. कंपनीचा फोन उचलणारी मुलगी पुण्याची असली की तिला वाटतं हा माणूस अरेतुरेवर आला, आणि तिच्या ‘आपण’नं आपल्याला वाटतं ही आपल्याला झटकतेय. ‘फटयलें’ या शब्दाचंही तसंच. घरात आपण पाऊस आला नाही तरी ‘पावसान फटयलें’ म्हणतो. तोच शब्द मराठीत ‘फसवलं’ असा टाइप झाला की तो आरोप होतो. म्हणून लेखी तक्रार मराठीत करा, ‘तुम्ही’ वापरा आणि रात्री लिहिली असेल तर सकाळी पाठवा.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नियत खरंच खोटी असेल तर? असते, पट्टीवाला माणूस होताच. पण ती दिसायला लागते वागण्याच्या पुनरावृत्तीतून. पाच घरांना एकच सबब दिली. वॉरंटीत असताना रोख पैसे घेतले. पावती मागितली की ‘नंतर’. जॉबशीटवर एक आणि तोंडी दुसरं. असं काही हाती लागलं तर गप्प बसू नका, पण त्यालाही कायद्यात नाव आहे: अनुचित व्यापार प्रथा. विक्रीचं किंवा सेवेचं बिल वा पावती न देणं हे 2019 च्या कायद्यानं त्या यादीत घातलंय. ‘पावती दिली नाही’ हे तीन शब्द ‘चोर’पेक्षा जड आहेत आणि ते खरे असतील तर त्यांच्यावरून तुमच्यावर अब्रुनुकसानीची केस टिकणं कठीण. तुमच्या प्रश्नात मला यातलं काही दिसलं नाही. तीनदा गॅस भरायचे पैसे घेतले होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घेतले असतील तर मात्र मी वरचं माझं मत बदलेन.

तर आता असं लिहा, दुकानदाराला आणि कंपनीला दोघांनाही, ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं:

‘गेल्या मे महिन्यात तुमच्याकडून दीड टनाचा एसी घेतला. बिलाची प्रत जोडली आहे. फेब्रुवारीपासून तो थंड होत नाही. तुमचे टेक्निशियन तीन वेळा आले (तारखा जॉबशीटप्रमाणे) आणि तिन्ही वेळा गॅस भरला. या तीन भेटींत गळती कुठे आहे याची चाचणी केली होती का, केली असल्यास निष्कर्ष काय, हे लेखी कळवावे. त्यानंतर फोनवर सांगण्यात आले की कॉइल गंजली आहे व गंज वॉरंटीत येत नाही. ही अट वॉरंटी कार्डावर कुठे आहे ते दाखवावे, आणि विक्रीच्या वेळी ती मला सांगितली होती का तेही कळवावे. माझ्यासमोर दाब देऊन गळतीची चाचणी करावी. 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.’

यात राग दिसतो की नाही? मला तरी दिसतो. पण उत्तर द्यायला त्याला पळवाट नाही. ‘नाही, चाचणी केली नव्हती’ म्हणाला तर त्रुटी कबूल. ‘केली होती’ म्हणाला तर जॉबशीटवर दाखव. ‘चोर’ला त्यानं ‘तूच खोटी’ म्हणून उत्तर दिलं, कारण त्या शब्दाला दुसरं उत्तरच नसतं.

गटातही दोन ओळी टाका. ‘एसीबद्दल मी रागात वैयक्तिक लिहिलं, ते मागे घेते. तक्रार कायम आहे, लेखी केली आहे.’ पहिलं वाक्य दुकानदाराच्या वकिलासाठी, दुसरं तुमच्यासाठी. जुना मेसेज गुपचूप पुसू नका. त्याचे स्क्रीनशॉट कधीच निघालेले असतात, आणि पुसलेला मेसेज उद्या तुमच्याच अंगाशी येतो.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तिथं बरीच प्रकरणं मिटतात, कारण मोठ्या कंपन्यांची माणसं तिथं जोडलेली आहेत. त्यानंतर जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होतं. पहिल्या तारखेला किंवा नंतर, दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडे पाठवू शकतो, आणि तुमच्यासारखं प्रकरण तिथंच मिटावं असं मला वाटतं. त्या खोलीत तुमच्यासमोर तोच दुकानदार बसलेला असेल. कागदांत ‘चोर’ आणि ‘पढवून’ जोडलेलं असलं की पहिला तास त्यातच जातो, मी बघितलंय.

चाचणीच्या दिवशी त्या शेजाऱ्यांना बोलवा, येतील. येताना त्यांच्या आउटडोअरचा फोटो आणायला सांगा. कॉइल बदलून मिळाली किंवा नुसता नट आवळून भागलं, काही झालं तरी युनिट वाऱ्याच्या तोंडावर असेल तर भिंत बदलून घ्या. आणि महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, फिनवर गोडं पाणी सोडा. साध्या पाइपनं, हळू. गाड्या धुवायचा प्रेशर पंप लावू नका, पात्या आडव्या होतात आणि मग त्या विंचरून सरळ करायला आमच्यासारख्या म्हाताऱ्याला बोलवावं लागतं.